सरांचं नाव हॉलला नको, मैदानाला द्या

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले तीन आठवडे गुड मॉर्निंगची फुलं बंद आहेत. भांडणाचा एवढा एक फायदा तरी झाला. शाळेत नवा इनडोअर हॉल उभा राहतोय, खो-खो आणि कबड्डीसाठी, आत मॅट वगैरे. त्याला नाव कुणाचं द्यायचं यावरून दोन तट पडलेत. एका तटाला आमच्या क्रीडाशिक्षकांचं नाव हवंय. दुसऱ्याचं म्हणणं असं की ज्या गृहस्थांनी बांधकामाचा मोठा वाटा उचललाय त्यांच्या वडिलांचं नाव लागावं, संस्थेने त्यांना तसा शब्दच दिलाय म्हणे. मी पहिल्या तटात. अर्जाचा मसुदासुद्धा मीच लिहिला. पण मागच्या आठवड्यात माझं मत बदललं. ग्रुपवर चार ओळींत ते सांगता येईना, आणि सांगायला गेलं तर "तू पण फुटलीस का" असं ऐकावं लागतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

शाळेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सरांचंही नाही. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. ज्यांना ओळखू येईल त्यांनी कमेंटमध्ये नाव टाकू नका, प्लीज.

ज्यांना सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं. शाळेत बाकीच्या सगळ्या सरांना आडनाव लागायचं. नुसतं "सर" म्हटलं की तेच. मी पाचवीपासून दहावीपर्यंत खो-खो खेळले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. सकाळी साडेपाचला मैदानावर हजर राहायचं. आम्ही पोचायचो तेव्हा सर आधीच आलेले असायचे आणि फक्कीच्या डब्याने पाट्या आखत असायचे. दोरी लावून, वाकून, एकेक रेघ. उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी मैदानावर पाणी मारून ठेवलेलं असायचं, कारण कोरड्या मातीत सूर मारला की गुडघा सोलून निघतो. आमचा वॉर्मअप म्हणजे मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने बसून खडे वेचायचे. वर्षानुवर्षं मुलं ते खडे वेचत होती, तरी रोज सकाळी नवे सापडायचेच. कुठून यायचे देव जाणे.

मैदानात चपला घालून यायचं नाही. कुणी आलंच, मग ते मुख्याध्यापक का असेनात, सर काही बोलायचे नाहीत. नुसते त्या माणसाच्या पायांकडे बघत उभे राहायचे.

मुलींचा संघ हा त्या काळात आमच्याकडे सोपा मामला नव्हता. सातवीनंतर मुलगी हाफपँट घालून गावभर दिसणार म्हटल्यावर घरात काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. सर सायकलवरून घरोघरी जायचे. आमच्या घरी तीनदा आले. वडिलांशी खेळाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पाऊस, ऊस, साखर कारखान्याचा हप्ता असलं बोलून उठायचे. तिसऱ्या खेपेला वडीलच म्हणाले, "घेऊन जा सर, पण अंधार पडायच्या आत घरी." ते अंधार पडायच्या आत सरांनी माझ्या दहावीपर्यंत पाळलं. जिल्ह्याच्या स्पर्धेहून एसटी उशिरा आली तर एकेकीला घरापर्यंत सोडून मग स्वतःच्या घरी जायचे.

शाबासकी मात्र देत नसत. फार तर भिजवलेल्या हरभऱ्याची मूठ जरा मोठी मिळायची. ती कुणाला मोठी मिळाली यावरून आम्हाला आमची लायकी कळायची.

हरभऱ्याचं लिहिताना आचरेकर सरांचं एक रुपयाचं नाणं आठवलंच. ते सगळ्यांना माहीत आहे, पण थोडक्यात सांगते. शिवाजी पार्कच्या नेटमध्ये सचिन दमला की रमाकांत आचरेकर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करेल त्याला नाणं, शेवटपर्यंत कुणी बाद करू शकला नाही तर सचिनला. अशी तेरा नाणी सचिनने अजून जपून ठेवलीत. "वेल प्लेड" असं सर कधी म्हणाले नाहीत, हे त्याने निवृत्तीच्या दिवशी, १६ नोव्हेंबर २०१३ ला, वानखेडेवर माईक हातात घेऊन अख्ख्या देशाला सांगितलं. २९ वर्षांत एकदाही नाही! मला वाटतं त्या पिढीच्या कोचचा तो कारखानाच एक असावा.

आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, स्टेट बँकेकडून, हैदराबादच्या मोईन-उद-दौला स्पर्धेत. पण त्यांच्या हाताखालून सचिन आणि कांबळी गेलेच, शिवाय चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, प्रवीण आमरे, अजित आगरकर, रमेश पोवार. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन-कांबळीने ६६४ धावांची अभेद्य भागी केली तेव्हा ती शारदाश्रमची पोरं होती, शाळकरी. सचिन शारदाश्रममध्ये आला तोच आचरेकरांनी शाळा बदलायला सुचवलं म्हणून. पण सराव कुठे? शिवाजी पार्कात. चार भिंतीत नव्हे, तर जिथे एका बाजूला मल्लखांब चाललाय, दुसऱ्या बाजूला आजोबा फेऱ्या मारतायत आणि पलीकडच्या मॅचचा चेंडू तुमच्या नेटमध्ये येतोय, अशा मोकळ्या मैदानात.

आचरेकर २ जानेवारी २०१९ ला गेले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा शिवाजी पार्कात नेली, पोरांनी बॅटी उंचावून कमान केली. पद्मश्री आणि द्रोणाचार्य असूनही शासकीय इतमाम मिळाला नाही म्हणून तेव्हा बराच गदारोळ झाला होता. (द्रोणाचार्य या नावाबद्दल माझं वेगळं मत आहे. शिष्याचा अंगठा मागणाऱ्याच्या नावाने प्रशिक्षकांचा पुरस्कार! असो, तो विषय पुन्हा कधीतरी.) मग जवळजवळ सहा वर्षांनी, ३ डिसेंबर २०२४ ला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, शिवाजी पार्कच्या ५ नंबरच्या गेटजवळ त्यांचं स्मारक झालं. तुम्ही त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला असेल, कांबळी सचिनचा हात सोडत नाही तो. सगळे त्या हाताबद्दलच बोलले. मी मात्र जागेकडे बघत होते. स्मारक गेटजवळ, मैदानाच्या कडेला. आत जाणाऱ्या पोराला तिकीट नाही, पास नाही, किटबॅग खांद्याला लावून तो त्याच्या शेजारून आत जातो.

हे डोक्यात राहिलं होतं, पण त्याचा आमच्या हॉलशी संबंध तेव्हा लागला नाही.

तर आमचा हॉल. हॉलची कल्पना निघाली ती गेल्या वर्षी, खो-खोच्या पहिल्या विश्वचषकानंतर. जानेवारी २०२५, दिल्लीचं इंदिरा गांधी स्टेडियम, अंतिम सामन्यात भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवलं आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्या रात्री ग्रुपवर म्हाताऱ्या-कोताऱ्या खेळाडूंनी जो धुमाकूळ घातला! कुणी गुडघ्यावरच्या जुन्या खुणांचे फोटो टाकले. मग कुणीतरी म्हणालं, आता सगळे सामने मॅटवर होतात, आपल्या पोरांना मॅट कुठाय? तिथून चक्रं फिरली. निधी जमला, आम्हीही फूल ना फुलाची पाकळी दिली, आणि मोठी रक्कम त्या एका गृहस्थांनी घातली. माणूस चांगला आहे हे आधीच सांगते. स्वतः कधी खेळला नाही, पण पैसे देताना मागेपुढे पाहिलं नाही. वडिलांचं नाव लागावं ही इच्छा असेल तर त्यात गैर काय?

पैसे देणाऱ्याचं नाव लागतं हे काही आजचं नाही. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमची गोष्ट सांगतात ना, की क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या अँथनी डिमेलोंनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्नना विचारलं, सरकारसाठी पैसे हवेत की स्वतःसाठी अमरत्व? साहेबांनी अमरत्व घेतलं आणि मरीन ड्राइव्हजवळची जागा स्वस्तात सुटली. खरंखोटं माहीत नाही, पण १९३७ पासून नाव आहे. पुढे त्याच क्लबशी मुंबई क्रिकेट असोसिएशनचं तिकिटांवरून बिनसलं तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं केलं. त्याला नाव वानखेड्यांचंच. गव्हर्नरचं नाव, अध्यक्षांचं नाव, आणि खेळाडूंच्या वाट्याला स्टँड आणि गेटं. प्रशिक्षकाचा नंबर त्याच्याही मागे. प्रशिक्षक मुळात फोटोच्या कडेला उभा राहणारा माणूस, कापताना पहिला तोच कापला जातो.

आणि नुसतं नाव मिळून तरी काय होतं हे आमच्या शेजारच्या कराड तालुक्यात बघावं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिकडे जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजचे खर्डेकर सर घर गहाण टाकून उभे राहिले, सात हजार रुपयांसाठी. दिल्लीत कुस्तीच्या स्टेडियमला खाशाबांचं नाव आहे. पण त्यांच्या स्वतःच्या गावात कुस्ती संकुलाची नुसती घोषणाच ऐकून ऐकून कंटाळलेल्या कुटुंबाने २०१७ साली पदकच लिलावात काढायची भाषा केली होती. नाव दिल्लीत, आखाडा तेव्हा कागदावर. आणि खर्डेकर सरांचं नाव किती जणांना माहीत आहे? घर तर त्यांचं गहाण पडलं होतं.

म्हणून मी अर्जात अगदी त्वेषाने लिहिलं होतं की पैसा पुन्हा मिळेल, असा शिक्षक मिळणार नाही, हॉलला सरांचंच नाव द्या. १३० सह्या झाल्या.

सगळ्यांनी सह्या केल्या नाहीत हेही सांगायला हवं. एक वर्गमित्र म्हणाला, मला सरांनी सगळ्यांदेखत दोन थोबाडीत मारल्या होत्या, तुमच्या आठवणी तुम्हाला लखलाभ. खरं आहे. सर मारायचे. मीही खाल्लाय मार. आचरेकरांनी सचिनला मारलेली थप्पड आपण कौतुकाने सांगतो (ठरलेला सामना सोडून शाळेच्या दुसऱ्या संघाची मॅच बघायला गेला म्हणून), कारण तो सचिन झाला. जो सचिन झाला नाही त्याच्या गालावरच्या थपडेचं काय? माझ्याकडे याला उत्तर नाही आणि अर्जात मी ते झाकायचा प्रयत्नही केलेला नाही. एक मैत्रीण म्हणाली, सरांना फक्त खेळणारे दिसायचे. आम्ही जाड्या मुली झाडाखाली बसून दप्तरं सांभाळायचो, आमचं नाव त्यांना दहावीपर्यंत माहीत नव्हतं. हेही खरं.

आणि एक प्रश्न मीच उपस्थित केला, त्यावर ग्रुपमध्ये मोठी शांतता पसरली. मुलींना शिकवणाऱ्या माणसाचं नाव भिंतीवर लावताना आधी सगळ्या तुकड्यांतल्या मुलींना खासगीत विचारायला नको का? अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाने फुटबॉल कोच जो पॅटर्नो यांचा पुतळा २०१२ मध्ये काढला. मुलांच्या लैंगिक शोषणाचा गुन्हा त्यांच्या सहायकाचा होता, पण यांनी पुरेसं केलं नाही असा ठपका होता. लोक चिडले माझ्यावर, "सरांवर संशय?" संशय नाही हो. पण आपल्याला बरे वाटले म्हणून सगळ्यांना बरे असतील असं गृहीत कशाला धरायचं? आम्ही तिघींनी मिळून वीस वर्षांतल्या जितक्या मुलींचे नंबर मिळाले त्या सगळ्यांना फोन केले. आठ दिवस लागले. मारल्याच्या तक्रारी आल्या, हरभऱ्याच्या आठवणी आल्या, दोघी रडल्या. त्यापलीकडे काही नाही. आता मी निश्चिंतपणे सही मागू शकते.

मग सरांनाच भेटायला गेले. त्यांची परवानगी घ्यायची एवढंच मनात होतं. आता ऐंशीच्या पुढे गेलेत, गुडघे गेलेत, काठी आहे. काकूंनी चहा ठेवला. मी हॉलचे फोटो दाखवले मोबाईलवर. त्यांनी चष्मा वर करून, मोबाईल डोळ्याजवळ नेऊन एकेक बघितला. मग विचारलं, "हे मैदानावरच बांधलंय?"

म्हटलं, "हो सर. निम्मं मैदान गेलं. पण आत मॅट आहे, पावसाळ्यातही खेळता येईल."

"कुलूप असणार?"

"असणार की. महागाची मॅट आहे."

"किल्ली कुणाकडं?"

"ऑफिसात. शिपायाकडं."

"शिपाई किती वाजता येतो?"

"साडेदहा."

सरांनी बशीत चहा ओतला. सावकाश प्याले. मग म्हणाले, "मग शिपायाचंच नाव द्या की."

मी हसले. ते हसले नाहीत.

परत येताना शाळेवरून गेले. रविवारची संध्याकाळ होती. हॉलचं शटर बंद. बाहेर उरलेल्या निम्म्या मैदानावर सात-आठ पोरं क्रिकेट खेळत होती, प्लॅस्टिकची बॅट, चेंडूला सेलोटेप. गेट बंद होतं, ती कंपाउंडच्या पडक्या कोपऱ्यातून आत आली होती. तो कोपरा आमच्या वेळीही पडकाच होता. मला वाटतं शाळेच्या इतिहासात सर्वात जास्त खेळाडू त्या कोपऱ्याने दिलेत.

सर निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरलेली नाही. पी.टी.चा तास गणिताच्या बाई घेतात, म्हणजे गणित घेतात. ही फक्त आमच्या शाळेची गोष्ट नाही. शिक्षण हक्क कायद्यातच सहावी ते आठवीला १०० पेक्षा जास्त मुलं असतील तरच शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ निदेशक, अशी तरतूद आहे. अर्धवेळ! साडेपाचला येऊन फक्की कोण मारणार मग? उद्या सरांचं नाव असलेल्या हॉलच्या दारात मुलगी सकाळी उभी राहील आणि आत जायला किल्ली नसेल, शिकवायला माणूस नसेल. वर नाव मात्र चकचकीत स्टीलच्या अक्षरांत. आणि पुढचं तर डोळ्यांसमोर दिसतंच आहे. एवढा मोठा हॉल रिकामा का ठेवायचा, लग्नसराईत भाड्याने द्या, संस्थेला उत्पन्न. मग सरांच्या नावाखाली "चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक" असा फ्लेक्स, आणि मॅटवर पंगत.

म्हणून माझं मत बदललं. हॉल त्या गृहस्थांच्या वडिलांच्या नावाने होऊ दे. खुशाल. भिंती त्यांच्या पैशाने उभ्या आहेत, दगडावर नाव त्यांचं असावं, मी टाळ्या वाजवायला येईन. सरांचं नाव द्यायचं ते बाहेर उरलेल्या मातीला. खो-खोला लागतं २७ बाय १६ मीटर. उरलेल्या मैदानात ते आरामात बसतं, मी पावलांनी मोजून आलेय. त्याला नाव द्यायचं आणि संस्थेने ठराव करून लिहून द्यायचं की या जागेवर बांधकाम होणार नाही, पार्किंग होणार नाही, गेटला कुलूप लागणार नाही. कारण माझा अनुभव असा की आपल्याकडे नुसतं मोकळं मैदान कुणाचंच नसतं, म्हणून ते पहिलं जातं. आज हॉल, उद्या कॉम्प्युटर लॅब, परवा बी.एड. कॉलेज. नाव असलेल्या जागेवर कुदळ मारताना निदान कुणीतरी विचारतं तरी, अहो, हे सरांचं मैदान ना? हॉलला भिंती आहेत, त्याला नावाची गरज नाही. गरज मातीला आहे.

ग्रुपवरचे काही जण म्हणतात ही माघार आहे. सरांना बाहेर उन्हात काढून देणगीदाराला आत बसवलं. अरे बाबांनो, सर आत कधी बसले होते? तीस वर्षांत स्टाफरूममधल्या त्यांच्या खुर्चीवर कुणी ना कुणी आपली पिशवीच ठेवायचं.

पाटी मोठी नको. सरांना असला गाजावाजा नको, असं काकूंनी सांगितलंय, त्यामुळे फोटो, पुतळा, "क्रीडामहर्षी" वगैरे काही नको. खो-खोच्या खांबाजवळ एक दगड, त्यावर नाव, बस्स. वार्षिक वर्गणीतून एक प्रशिक्षक ठेवायचा खर्च आम्ही पंधरा जणांनी पहिल्या वर्षापुरता उचललाय. आमच्याच तुकडीनंतरची एक राष्ट्रीय खेळाडू गावातच आहे, दोन मुलांची आई, तिला विचारलं तर म्हणाली, "साडेपाचला ना? येते."

सुधारलेला अर्ज ग्रुपवर टाकलाय. जुन्या अर्जावर सही केलेल्या १३० पैकी ४१ जणांनी नव्यावर केलीय, बाकीचे विचार करतायत किंवा माझ्यावर रागावलेत. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता शाळेत संस्थेच्या लोकांसोबत बैठक आहे. गावात असाल तर या, विरोधात बोलायचं असेल तरी या. बैठक हॉलमध्ये नाही, मैदानावर ठेवलीय, बाभळीखाली, सतरंज्या मी आणतेय.

आणि चपला गेटपाशीच काढा. सर येणार आहेत.